क्रूझचा शेवटचा दिवस: बॅगा भरायच्या की डेकवर जायचं?

भाट्येकरीण
चौदा रात्रींची क्रूझ करून नुकतीच घरी आले. सिंगापूर, पिनांग, फुकेत, कोलंबो, कोची आणि शेवटी मुंबई. मी, नवरा आणि सासूबाई. प्रवासाबद्दल सवडीने लिहीन. हा धागा फक्त शेवटच्या दिवसाचा, कारण तो मी स्वतःच्या हाताने वाया घालवला आणि ते अजून डाचतंय.

कोचीहून संध्याकाळी सहाला सुटलो. दुसरा अख्खा दिवस समुद्रात, तिसऱ्या दिवशी पहाटे मुंबई. त्या मधल्या दिवशी सकाळी बघते तर दाराशी पाकीट: बॅगांना लावायच्या जांभळ्या चिठ्ठ्या, उतरायची वेळ, बिल तपासून घ्या, रात्री दहाच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवा. तेरा दिवस लोळणारी माणसं ते पाकीट वाचून अशी धावायला लागली, जणू स्टँडवरून वस्तीची एसटी सुटतेय. मीही त्यातलीच. बिलाच्या रांगेत पाऊण तास (न प्यायलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या लावल्या होत्या), दुकानातल्या सेलमध्ये तासभर, आणि जेवण झाल्यावर बॅगेवर बसून चेन ओढणे.

दहाला दहा कमी असताना सासूबाई वरून फिरून आल्या आणि सहज म्हणाल्या, "अगं, उजव्या अंगाला एक दिवा सारखा लुकलुकतोय. तुमच्या भगवतीचा नव्हे ना?"

मी अनवाणी वर पळाले. माझं माहेर रत्नागिरीजवळ, भाट्याच्या सड्यावर. लहानपणी अंगणात खाटेवर पडून भगवती किल्ल्याजवळच्या दीपगृहाचे झोत मोजत झोपायचो. तोच दिवा मी जन्मात पहिल्यांदा समुद्राकडून बघितला. पाच मिनिटं. तेवढ्यात नवऱ्याचा निरोप आला की बॅगा न्यायला माणूस उभा आहे, किल्ली तुझ्याकडे आहे. गेले खाली.

वर गंमत अशी, की घरासमोरून रात्री दहाला गेलेली मी घरी पोचले चौतीस तासांनी. सकाळी बॅलार्ड पिअरला उतरेपर्यंत जवळच्याच सीएसएमटीवरून मांडवी एक्सप्रेस निघून गेलेली. मग दिवसभर नणंदेकडे, मध्यरात्री दादरहून तुतारी.

तर प्रश्न: शेवटचा दिवस तुम्ही कसा घालवता? बॅगा, बिल, रांगा यातून काही उरतं का?

लिंबूटिंबू
मी पहिला! दिव्याचे फोटो कुठेत?

भाट्येकरीण
काढला. काळ्या कागदावर टाचणीने भोक पाडल्यासारखा आलाय.

निवळशंख
आमच्या ह्यांनी शेवटच्या रात्री सगळ्या पँट शिस्तीत घड्या घालून बॅगेत भरल्या आणि बॅग बाहेर ठेवली. सकाळी अंगावर फक्त झोपायची चट्टेरीपट्टेरी अर्धी चड्डी. ब्लेझर तेवढा खुंटीला राहिला होता. तर वर ब्लेझर, खाली चट्टेपट्टे, हातात पासपोर्ट. कस्टमच्या साहेबांनी काही विचारलंसुद्धा नाही, नुसता हात केला, जा म्हणून.

तेव्हा पहिला सल्ला: सकाळचे कपडे, औषधं, चार्जर, चष्मा आधी बाजूला काढा आणि मगच बॅग उघडा.

पेठेतला_काका
बॅग बाहेर ठेवायचीच कशाला? आपली बॅग आपण ओढत उतरता येतं, बहुतेक जहाजांवर तशी सोय असते. सकाळी लवकर सोडतात, रांग नाही. अट एकच, स्वतःला उचलेल एवढंच सामान न्यायचं. पण आपल्या लोकांना जाताना थेपल्यांची बॅग लागते आणि येताना चॉकलेटांची.

बाकी त्या दिवशीचं बिल नीट वाचाच. माणशी रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, परस्पर लावतात. मी काउंटरवर जाऊन काढायला लावली. सेवा आवडली तर मी हातात देईन, तुम्ही कोण कापणारे?

खलाशी_गुहागर
अकरा वर्षं बोटीवर होतो, हाउसकीपिंगला. (आमच्याकडे 'क्रूझवर आहे' असं कोणी म्हणत नाही, 'बोटीवर असतो' म्हणतात.) सध्या गावी, आंब्याच्या मागे. पलीकडच्या बाजूने थोडं लिहितो.

दहाची वेळ तुम्हाला छळायला नसते. अडीच-तीन हजार माणसं म्हटली की पाच-सहा हजार बॅगा. त्या रात्रीतून उचलून खालच्या डेकवर न्यायच्या, रंगाप्रमाणे रचायच्या आणि बोट धक्क्याला लागली की त्याच क्रमाने उतरवायच्या. एक माणूस बारापर्यंत किल्ली शोधत बसला की पूर्ण कॉरिडॉर अडतो. (ताई, तुम्हाला नाही म्हणत.)

तुमचा शेवटचा दिवस तोच आमचा सगळ्यात जड दिवस. सकाळी नऊ-साडेनऊला जुने पाहुणे उतरतात आणि दुपारपासून नवे चढायला लागतात. मधल्या वेळात माझ्या वाट्याच्या अठरा केबिन. चादरी, टॉवेल, न्हाणीघर, गादीखाली राहिलेले मोजे. २००६च्या सागरी कामगार कराराप्रमाणे २४ तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते, ती फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा निदान सहा तासांचा. कागदावर बरोबर बसतं. पायांना विचारा.

काका, ग्रॅच्युइटी काढायची रांग शेवटच्याच दिवशी लागते. कोण उभं आहे ते आम्हाला कळतं. काही बोलत नाही आम्ही. पण कळतं.

आता मुद्द्याचं. गुहागरसमोरून मी निदान नऊ वेळा गेलोय, आणि एकदाही वर जाऊन बघता आलं नाही. आम्ही राहतो खाली पाण्याच्या पातळीला, तिथे खिडकी नाही. केबिनमधल्या टीव्हीवर बोट कुठे आहे तो नकाशा लागतो ना, पाहुण्याची चादर बदलता बदलता त्या नकाशात दाभोळचं तोंड बघायचो. निळ्यावर हिरवी रेघ, त्यात एक खाच. बास, तेच घर. तुम्ही पाच मिनिटं डेकवर उभं राहून बघितलंत, ते काही कमी नाही.

निवळशंख
गादीखालच्या मोज्यांबद्दल समस्त प्रवाशांतर्फे क्षमस्व.

पेठेतला_काका
खलाशी, तुमचं वाचलं. पुढच्या वेळी रांगेत नसेन. कोण कापणारे, हा प्रश्न मात्र कायम आहे.

तांडेल७२
नावातलं ७२ हे माझं वय आहे, गैरसमज नको.

तुमच्या या पांढऱ्या हत्तींच्या आधी या किनाऱ्याला आमच्या आगबोटी होत्या. 'रोहिणी', 'चंद्रावती', नंतर 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती'. मुंबईहून सुटली की हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजी. पावसाळ्यात बंद. त्यामुळे आमचा शेवटचा दिवस ठरलेला असायचा: मे अखेर, बोट बंद व्हायच्या आधी मुंबई गाठायची.

आमचं बंदर हर्णै. बोट लांब उभी राहायची, तिथपर्यंत होडीने. होडीपर्यंत गुडघाभर पाण्यातून, आम्ही पोरं तांडेलाच्या खांद्यावर. आईने नऊवारी एका हातात धरलेली, दुसऱ्या हातात फणसाच्या सांदणांचा डबा. बोटीच्या शिडीशी होडी वर-खाली व्हायची आणि वरून खलाशी ओरडायचा, "आता! आता!" त्या 'आता'ला पाय उचलला नाही तर पुढच्या लाटेपर्यंत थांबा. ट्रंक, वळकट्या, कोकमाची पिंपं, आंब्याच्या करंड्या, कोंबड्या. वर गेलं की आधी वळकटी उलगडून डेकवर जागा धरायची. भोंग्याजवळ नको, कठड्याजवळ नको, इंजिनाच्या भिंतीला टेकून, तिथे ऊब असते. तेलाचा वास, सुक्या मासळीचा वास, आणि बोट लागलेल्यांचा जो काय असतो तो वास. उपाय म्हणून आवळासुपारी, लिंबू आणि "लांब क्षितिजाकडे बघ रे".

आजी किनाऱ्यावर उभी. निघताना माझ्या हातात एक नारळ द्यायची, बोट हलली की समुद्राला द्यायला. तिचा धाकटा भाऊ १७ जुलै १९४७ला 'रामदास'ने रेवसला जाणार होता. भाऊच्या धक्क्यावर पोचायला उशीर झाला म्हणून राहिला. त्या बोटीवरची सहाशेहून जास्त माणसं गेली. तेव्हापासून घरातलं कोणी बोटीने निघालं की नारळ. मी तो सोडायचो आणि वळून बघायचो तर आजी म्हणजे नुसता पांढरा ठिपका, सुरूच्या झाडांपुढे. ठिपका दिसेनासा झाला की आई डबा उघडायची.

मग १९९८च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पुरती सुरू झाली आणि आम्ही सगळे बोगदे मोजायला लागलो.

बॅगा भरायच्या की डेकवर जायचं, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. आमचं सामानही डेकवरच असायचं.

शेवग्याची_शेंग
तांडेलकाका, स्वतंत्र धागा काढा. विनंती नाही, हुकूम आहे.

मालवणी_खाजा
धा वाजता रत्नागिरी म्हणतास, मगे सात वाजता आमचा मालवण गेला तेचा काय? सिंधुदुर्ग किल्लो समोर, सूर्य बुडताहा, आणि तुम्ही खंय? सेलात!

भाट्येकरीण
@मालवणी_खाजा, सूर्य डाव्या बाजूला बुडत होता आणि आमची केबिन डावीकडचीच. मुंबईकडे येताना किनारा उजव्या हाताला हे बुकिंग करताना लक्षातच आलं नाही. चौदा दिवस बाल्कनीतून नुसती अरबस्तानाची दिशा बघितली. आत्ता लिहिताना पुन्हा राग आला.

खलाशी_गुहागर
माझे आजोबा मालवाहू बोटीवर होते. ते उजवी-डावी म्हणायचे नाहीत, 'जमना' आणि 'डावा' म्हणायचे. जुन्या खलाशांची भाषा. घरातसुद्धा, "जमन्याकडची खिडकी लाव गं."

अक्षांश
भाट्येकरीण, एक सांगू? वाईट वाटेल.

क्षितिजाचं अंतर ढोबळमानाने ३.५७ गुणिले उंचीचं वर्गमूळ, उंची मीटरमध्ये, उत्तर किलोमीटरमध्ये. तुम्ही डेकवर साधारण ३६ मीटरवर, म्हणजे २१ किमी. दिवा १०० मीटर उंचीवर धरला तर त्याचे ३६ किमी. बेरीज ५७, म्हणजे तीसेक सागरी मैल. बोट किनाऱ्यापासून पंधरा सागरी मैलांवरून १६ नॉटने (म्हणजे ताशी १६ सागरी मैल) जात असेल, तर हवा स्वच्छ असताना तो दिवा तुम्हाला साडेआठ-पावणेनऊपासून साडेअकरापर्यंत कधीही दिसला असता. धुरकट हवेमुळे थोडा वेळ कापा. तरी दोन तास कुठे जात नाहीत.

म्हणजे बॅग दाराबाहेर ठेवून परत वर गेला असता तरी चाललं असतं.

भाट्येकरीण
वाईट वाटलं.

शेवग्याची_शेंग
अक्षांश, तुम्ही लग्नाच्या पंगतीतसुद्धा वर्गमूळ काढत असणार.

अक्षांश
पंगतीत भागाकार.

दिवा कुठला हे ओळखायचं तर दोन झोतांमधले सेकंद मोजा. शेजारच्या दीपगृहांचे ठेके मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. न लुकलुकणारे, पाण्यालगत हलणारे दिवे मच्छीमारांचे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ते नसतात.

चाकरमानी
नऊच्या सुमारास विजयदुर्गही गेला असेल ना? इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर यांनी १८६८च्या ग्रहणात तिथल्या किल्ल्यावरून हेलियम शोधला. दुर्बिणी ठेवायला बांधलेले ते 'साहेबाचे ओटे' अजून आहेत. क्रूझवाल्यांनी निदान माईकवरून सांगायला हवं.

टाकसाळ
चाकरमानी, ही आपल्याकडची आवडती गोष्ट आहे, पण दोन ग्रहणांचा काला झालाय. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रासला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन होते गुंटूरला. लॉकयर तेव्हा भारतात नव्हतेच. त्यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली. ते विजयदुर्गला आले, पण २२ जानेवारी १८९८च्या खग्रासला. तीस वर्षांनी.

चाकरमानी
म्हणजे आमच्या शाळेच्या सहलीत सरांनी सांगितलं ते चूक?

टाकसाळ
माणूस आणि किल्ला बरोबर, साल आणि शोध चूक. विजयदुर्गाचं तेवढ्याने काही बिघडत नाही. २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात तो आहे. या किनाऱ्यावरचे सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरीही. खांदेरीचं दीपगृह १८६७चं. ते दिसलं की मुंबई आलीच, पण ते पहाटे, आणि तेव्हा तुम्ही सगळे नाश्त्याच्या रांगेत.

मालवणी_खाजा
हेलियम भरलेलो फुगो सोडा आता कोणीतरी.

संपादक_मंडळ
धागा क्रूझच्या शेवटच्या दिवसाचा आहे. ग्रहणांसाठी वेगळा काढावा.

डॉ_गोडांबा
तिसऱ्या बाजूने लिहिते. शेवटच्या दिवसानंतरचा दिवस. घरी आल्यावर जमीन हलतेय असं कोणाला वाटलं का? बोट लागते तशी ती लगेच उतरतही नाही. दोन आठवड्यांत मेंदूने डोलण्याची सवय करून घेतलेली असते, कानातला तोल सांभाळणारा भाग आणि डोळे यांचा हिशोब नव्याने जुळायला वेळ लागतो. बहुतेकांचं दिवस-दोन दिवसांत जातं. चालत राहा, झोप पूर्ण करा. महिना उलटूनही गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

भाट्येकरीण
डॉक्टर, अगदी! काल विहिरीवर पाणी शेंदताना काठच डावीकडे गेला. सासूबाई इथेच आहेत, त्यांना काही होत नाही. त्या म्हणतात, "मी जहाजातही नीट चालत होते, तुम्हीच सगळे वाकडे चालत होतात."

शेवग्याची_शेंग
सासूबाईंना सदस्यत्व द्या.

कातळसडा
आमच्या वेळी धक्क्यावर निळ्या बॅगांची अदलाबदल झाली. चिपळूणला येऊन उघडली तर आत तेरा फुलाफुलांचे शर्ट आणि एक बासरी. आमची बॅग नाशकात. दोघांनी कुरिअर केली. शर्ट परत पाठवताना वडील जरा हळहळले. तेव्हापासून बॅगेला आईच्या जुन्या इरकलीचा काठ बांधतो. जांभळी चिठ्ठी तीनशे जणांकडे असते, इरकल एकालाच.

पेठेतला_काका
शेवटच्या रात्रीची ती वेटर लोकांची रुमाल फिरवत मिरवणूक कोणाला आवडते? पेटवलेलं आइस्क्रीम घेऊन नाचतात.

खलाशी_गुहागर
आमच्या बोटीवर पेटवत नव्हते, आगीचे नियम कडक. वर बॅटरीची मेणबत्ती. त्या मिरवणुकीत मी दोनदा नाचलोय, कारण वेटर कमी पडले होते. पाहुणे टाळ्या वाजवतात आणि आपण मनात मोजत असतो, सकाळी अठरा केबिन. पण साइन ऑफच्या (करार संपवून उतरायच्या) आदल्या रात्री नाचलो तेव्हा मनापासून नाचलो. आठ महिने झाले होते आणि गणपतीला चार दिवस राहिले होते.

भाट्येकरीण
मूळ प्रश्नावर येते. तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांतून माझ्यापुरतं ठरलं: बॅग आदल्या रात्रीच भरायची, बिल पहाटे बघायचं (तेव्हा रांग नसते असं शेजारच्या केबिनवाल्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही), केबिन जमन्याकडची, आणि संध्याकाळी सहानंतर खाली यायचं नाही.

आता पुढचं ऐका. आज दुपारी हा धागा बाबांना वाचून दाखवत होते. अक्षांश यांच्या वर्गमुळापर्यंत आले तर बाबा म्हणाले, "बरोबर आहे. साडेआठला पूर्णगडच्या अंगाला उजेड आला आणि साडेअकरा वाजता जयगडकडे गेला."

मी म्हटलं, कसला उजेड?

"तुझी बोट. भाच्याने मोबाइलवर दाखवलं कुठे आहे ते. मी गच्चीत होतो की. पिवळी रांग होती, आगगाडीसारखी. दोन-चार वेळा बॅटरी मारली. म्हटलं, बघत असलीस तर बघशील."

तीन दिवस मी याच घरात आहे. बोलले नाहीत. का, तर "तू विचारलं नाहीस".

तांडेल७२
बाबांना माझा नमस्कार सांगा.

भाट्येकरीण
सांगितला. त्यांचा अक्षांशना प्रश्न आहे: गच्चीवर किती वॅटचा दिवा लावला तर बोटीवरून दिसेल? गंमत नाही, वायरमनला फोन गेलाय. पुढच्या वर्षी नणंद याच मार्गाने यायचं म्हणतेय.

अक्षांश
वायरमनला आधी थांबवा. समुद्राकडे तोंड करून झगझगीत लुकलुकणारा दिवा अजिबात नको, रात्री होडीवाले त्याला दीपगृह समजतील. लाल आणि हिरवा तर मुळीच नको, ते रंग जहाजांच्या डाव्या-उजव्या बाजूचे. साधा, स्थिर, मंद दिवा लावा. दुर्बीण असेल तर कदाचित दिसेल.

खलाशी_गुहागर
आकाशकंदील लावा की. उंच काठीवर. आमच्या आवाठात (वाडीत) दिवाळीनंतरही कोणी काढत नाही.

भाट्येकरीण
वायरमन येऊन चहा पिऊन गेला. आकाशकंदील ठरलाय, पिवळा. काठी पंधरा फूट की वीस फूट, यावर बाबांचं आणि सासूबाईंचं चाललंय.